मुंबईचा सूर्य आमच्या मांडवात कशाला?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात राशिभविष्याच्या खाली रोज 'आजचे पंचांग' ही चौकट येते. तिथी, वार, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त, राहुकाल आणि कधी जागा उरली तर 'शुभ वेळ' नाहीतर 'शुभ रंग'. माझी तक्रार एवढीच, की त्या चौकटीतला सूर्य मुंबईचा आहे. आवृत्ती चंद्रपूर-गडचिरोलीची, जाहिराती ब्रह्मपुरीच्या कापड दुकानांच्या, निधनवार्ता नागभीड-सिंदेवाहीच्या, धानाचे भाव इथल्या बाजार समितीचे. सूर्योदय तेवढा अरबी समुद्राकाठचा.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावचा मंडपवाला. वडिलांनी बल्ल्या, कनाती आणि भाड्याच्या भांड्यांवर बिछायत केंद्र काढले. आता लोखंडी पाईपचा पेंडॉल, स्टेज, कूलर, जनरेटर असा पसारा आहे. उन्हाळ्यात लग्ने, पावसाळ्यात गणपती-शारदा, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि झाडीपट्टीतली नाटके. पंचांग हा भटजीचा विषय असे लोकांना वाटते. पण मुहूर्त टळला तर महाराज दुसरा काढून देतात. आमचे तसे नाही. एका तारखेला तीन गावांची लग्ने असली, की सकाळचा मांडव सोडून संध्याकाळचा दुसऱ्या गावी उभा करायचा असतो, आणि मधल्या अर्ध्या तासावर पोरांचे जेवण, गाडीचे डिझेल आणि माझी अब्रू अवलंबून असते. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब सांगतो. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. मुंबईचे रेखांश पावणेत्र्याहत्तरच्या जवळपास, ब्रह्मपुरीचे जवळजवळ ऐंशी. मधले सात अंश धरले तर अठ्ठावीस मिनिटे होतात. म्हणजे आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सरासरी अठ्ठावीस मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. जुन्या मापात बोलायचे तर घटी चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे, तेव्हा हा फरक एक घटी दहा पळे भरतो. उन्हाळ्यात आम्ही थोडे उत्तरेला असल्यामुळे सकाळचा फरक अर्ध्या तासावर जातो. मे महिन्याच्या मध्यावर ब्रह्मपुरीला साडेपाचनंतर तीन-चार मिनिटांत सूर्य वर येतो, तेव्हा मुंबईत सहा वाजून गेलेले असतात.

अर्धा तास म्हणजे काय मोठे, असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. घड्याळाच्या दिवसाला काही नाही, कारण तो रात्री बाराला बदलतो, मग सूर्य कुठेही असो. पंचांगाचा दिवस मात्र सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. आमच्याकडे नाटकाचा पडदा रात्री दहाला उघडतो आणि उजाडता पडतो. त्या रात्रीची तारीख कोणती यावर तिकिटांच्या हिशेबात दरवर्षी भांडण होते. पंचांगाला तो प्रश्नच पडत नाही. सूर्य उगवेपर्यंत वार कालचाच. आता समजा मेच्या मध्यावर एखाद्या शुक्रवारी पहाटे पावणेसहाला इथल्या दवाखान्यात बाळ जन्माला आले. आमच्या सूर्याने ते शुक्रवारचे. आपल्या चौकटीतल्या सूर्योदयाने ते गुरुवारचे, कारण तिथे अजून उजाडायचे आहे. आजी पेपर उघडून बसली तर बाळाचा वारच बदलला.

पंचांगाला पाच अंगे: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. यातली चार चंद्र-सूर्याच्या आकाशातल्या जागेवरून ठरतात. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी, त्याच्या निम्म्यात करण. चंद्राने तेरा अंश वीस कला ओलांडल्या की नक्षत्र बदलले. सूर्य आणि चंद्र दोघांच्या अंशांची बेरीज तेवढ्याने वाढली की योग. ही अंगे ज्या क्षणी संपतात तो क्षण मुंबईला, ब्रह्मपुरीला आणि कलकत्त्याला एकच. घड्याळ एक आहे म्हणून लिहिलेली वेळही एकच. तिथे आपल्या चौकटीचे काही बिघडत नाही. बिघडते ते वाराचे, आणि सूर्योदय-सूर्यास्तावर टांगलेल्या बाकी सगळ्या गोष्टींचे: राहुकाल, चौघडिया (दिवसाचे आठ शुभ-अशुभ भाग), अभिजित, गोरज आणि लग्नपत्रिकेवरचा तो विषम मिनिटांचा मुहूर्त. वाचकाला नेमक्या याच गोष्टी हव्या असतात. चौकटीत योग 'वज्र' आहे की 'सिद्धी' हे कोणी बघत नाही हो.

राहुकालापासून, म्हणजे रोजच्या अशुभ मानलेल्या वेळेपासून, सुरुवात करू. माझ्या लहानपणी हा शब्द आमच्या गावात ऐकू येत नव्हता. आजोबा दिशाशूल बघायचे, अमावस्येला नांगर धरायचे नाहीत, पण राहुकाल नाही. तो टीव्हीने आणला आणि मोबाईलने घरोघरी पोचवला. आला तर आला, पण नीट मोजा ना जी! सूर्योदय ते सूर्यास्त या वेळाचे सारखे आठ भाग करायचे. सोमवारी दुसरा भाग, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी शेवटचा. भाग दीड तासाचा असतो हे फक्त दिवस बारा तासांचा असला तरच. आमच्याकडे मेमध्ये दिवस तेरा तासांच्या वर जातो, भाग होतो अठ्ठ्याण्णव मिनिटांचा. डिसेंबरअखेर तोच एक्क्याऐंशी-ब्याऐंशीवर येतो. मेच्या मध्यावरचा शुक्रवार धरला तर ब्रह्मपुरीचा राहुकाल साडेदहाला लागून बारा वाजून सात मिनिटांनी संपतो. मुंबईचा लागतो अकराच्या सुमारास आणि संपतो साडेबारा वाजून गेल्यावर. आपण छापता तो दुसरा. गंमत अशी, की कॅलेंडरच्या मागे छापलेली 'शुक्रवार साडेदहा ते बारा' ही ठोकळेबाज यादी मेमध्ये आमच्यासाठी आपल्या चौकटीपेक्षा जास्त खरी ठरते.

याचा परिणाम काय होतो, तो मी मांडवात उभा राहून बघतो. शुक्रवारचे दुपारचे लग्न. महाराज इथलेच, त्यांनी इथल्या सूर्याने वेळ काढलेली, सव्वाबाराची. नवरी बाशिंग बांधून तयार, अंतरपाट धरायला दोघे उभे. तेवढ्यात नवरदेवाच्या मामाने पेपर दाखवला, "राहुकाल संपाचा आहे जी अजून, बारा पस्तीसपर्यंत थांबा." महाराजांनी समजावून सांगितले, पण छापील अक्षरापुढे बोलल्या शब्दाची किंमत किती ते आपण पत्रकार आमच्यापेक्षा जास्त जाणता. थांबले. मे महिना, ब्रह्मपुरी. उन्हाळ्यात तापमानाच्या बातमीत आमचे नाव वरच्या ओळीत आपणच छापता. त्या वीस मिनिटांत एका म्हातारीला भोवळ आली, पाण्याच्या कॅन संपल्या, आणि आचाऱ्याने पुऱ्या तळायला घेतल्या होत्या त्या चामड होऊन गेल्या. पुढच्या गावी माझी गाडी उशिरा पोचली आणि तिथल्या वधूपित्याने मला जे ऐकवले ते छापण्यासारखे नाही.

अभिजित मुहूर्ताची गोष्ट तर आणखी मजेची. दिवसाचे पंधरा भाग केले की आठवा, बरोबर मधला, तो अभिजित. सूर्य डोक्यावर येण्याच्या थोडा आधी सुरू होतो आणि थोडा नंतर संपतो. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा, पण तेही दिवसरात्र सारखी असतानाच. मेमध्ये आमच्याकडे दिवसाचा मुहूर्त बावन्न मिनिटांपर्यंत ताणतो. तेव्हा अभिजित साधारण पावणेबारा ते साडेबारा. आता शुक्रवारचा राहुकाल हा आठातला चौथा भाग, म्हणजे तो मध्यान्हाला संपणार. आणि अभिजित मध्यान्हाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. म्हणजे दर शुक्रवारी अभिजितचा पहिला अर्धा भाग राहुकालात जातो. बुधवारी उलट, राहुकाल मध्यान्हालाच सुरू होतो. बुधवारी अभिजित धरूच नये असे जुने लोक सांगतात, ते एकापरीने सोपे झाले. मी आमच्या महाराजांना विचारले, "शुक्रवारी त्या पाव-अर्ध्या तासाचे काय करायचे? सगळे दोष घालवणारा मुहूर्त खरा का राहू खरा?" ते म्हणाले, "ज्याने दक्षिणा लवकर देतो म्हटले त्याला अभिजित." माणूस मोकळा आहे. नंतर गंभीर होऊन म्हणाले, की इकडच्या जुन्या पद्धतीत लग्नशुद्धी बघतात, राहुकाल मागाहून आला.

ती लग्नशुद्धी वाचकांना समजली तर बरे होईल, कारण पत्रिकेवर 'सायंकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी' असे का छापतात हे निम्म्या वऱ्हाड्यांना ठाऊक नसते. पूर्व क्षितिजावर ज्या क्षणी जी रास उगवत असते ते त्या क्षणाचे लग्न. चोवीस तासांत बारा राशी उगवतात, म्हणजे एकेक साधारण दोन तास. त्या राशीचे नऊ तुकडे केले की एक नवमांश तेरा-चौदा मिनिटांचा. महाराज चांगला नवमांश शोधतात, म्हणून बेचाळीस मिनिटे किंवा सत्तावन्न मिनिटे असा विषम आकडा येतो. क्षितिज ज्याचे त्याचे असते. मुंबईच्या क्षितिजावरून काढलेली वेळ आमच्या गावात वापरली तर अठ्ठावीस मिनिटांत दोन नवमांश निघून जातात. मग एवढे गणित करून उपयोग काय? सरळ 'जेवण झाल्यावर' असे छापावे. (तसेही वरात डीजेपुढे नाचत नाचत रात्री नऊला पोचते आणि महाराज मनातल्या मनात कुठला नवमांश धरतात ते त्यांनाच ठाऊक.)

गोरज मुहूर्ताचे तर नावच सांगायला नको. गुरे रानातून परतली, पांदणीत धूळ उठली, सूर्य टेकला, त्याच्या आगेमागे घटकाभर वेळ. ज्याला दुसरा मुहूर्त जमत नाही त्याच्यासाठी हा हमखास. मेमध्ये आमची गुरे परततात तेव्हा सूर्य सहा चाळीसला बुडतो. छापखान्यातल्या पोराने पेपरची चौकट बघून पत्रिकेवर 'गोरज मुहूर्त ७.०७' टाकले. सात वाजून सात मिनिटांनी आमच्या गावात गाई दावणीला बांधून, दूध काढून, लोक लाईट गेले म्हणून ओरडत असतात.

पूर्वी हा घोटाळा शक्यच नव्हता. तांब्याची वाटी, बुडाला बारीक छिद्र, पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. भरून बुडाली की एक घटका. अहोरात्रीच्या साठ. सूर्याचे अर्धे बिंब दिसले की पहिली वाटी सोडायची आणि मोजत जायचे. ती वाटी आमच्या गावचाच सूर्य ओळखायची, तिला मुंबई माहीत नव्हती. आमच्याकडच्या एका जुन्या वाड्यात तशी वाटी मी पाहिली आहे. आता तिच्यात कुंकू ठेवतात. मंगलाष्टके संपता संपता 'घटका भरत आली' म्हणतात, ते नुसते म्हणण्यापुरते उरले आहे.

मग १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ साऱ्या देशासाठी ठरली. गाड्यांना ते गरजेचे होते, माझे काही म्हणणे नाही. पण एक गोष्ट आपल्या तरुण उपसंपादकांना सांगावी. मुंबईने ती वेळ मुकाट्याने घेतली नाही. एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' तिथे १९५५ पर्यंत चालू राहिली. म्हणजे आपल्या डोक्यावरचा सूर्य आपल्या घड्याळात हवा, हा आग्रह मुंबईकरांनी स्वातंत्र्यानंतरही धरला. तोच आग्रह मी एका चौकटीपुरता धरतो आहे, तर जास्त होते का?

आणि हे नवीनही नाही. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी शून्य रेषा उज्जैनवरून नेली आणि तिथून जेवढे पूर्वेला किंवा पश्चिमेला असाल तेवढा 'देशांतर संस्कार' करा, दक्षिण-उत्तर फरकासाठी 'चर' काढा, असे सांगून ठेवले. गाव बदलले की आकडा बदलतो हे त्यांच्या हिशेबात पहिल्या पानापासून आहे. आजही चांगल्या छापील पंचांगात मागच्या पानांवर गावोगावचे अक्षांश-रेखांश आणि मिनिटांची कोष्टके असतात. तिथवर कोणी जात नाही, कारण मधे साबणाच्या आणि हिंगाच्या जाहिराती आणि वर्षभराची राशिफले असतात. सरकारी राष्ट्रीय पंचांग तर कुठल्याच शहराचा पक्ष न घेता साडेब्याऐंशी रेखांश आणि उज्जैनचे अक्षांश असा मध्यबिंदू धरते. त्या बिंदूवर जंगल असो की शेत, निदान ती लपवाछपवी नाही. कुठली वेळ आहे ते लिहिलेले असते.

तिथीबद्दल थोडे लिहितो, कारण तिथे मुंबईचा दोष नाही, पण चौकटीचा आहे. चंद्र एका चालीने चालत नाही. पृथ्वीजवळ असला की वेगाने, लांब असला की हळू. म्हणून कधी वीस तासांत तिथी आटोपते, कधी सव्वीस-सत्तावीस तास रेंगाळते. ती सकाळी अकराला लागू शकते, रात्री अडीचला संपू शकते. दिवसाला नाव देताना सूर्योदयाला जी असेल ती धरायची. दोन सूर्योदय बघितले तर वृद्धी, एकही बघितला नाही तर क्षय. आपण चौकटीत नुसते ते नाव छापता, संपण्याची वेळ छापत नाही. गेल्या वर्षी पोळ्याला काय झाले ते बघा. २०२५ ची श्रावण अमावस्या शुक्रवारी, २२ ऑगस्टला दुपारी बाराच्या सुमारास लागली आणि शनिवारी साडेअकराच्या सुमारास संपली. दोन्ही सूर्योदयांचा हिशेब केला तर शुक्रवारी 'चतुर्दशी' आणि शनिवारी 'अमावस्या' छापणे चुकीचे नाही. पण पोळा भरतो दिवस कलल्यावर. बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या होतात, तेव्हा अमावस्या असायला पाहिजे, आणि ती शुक्रवारीच होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी नागपूरची मारबतीची मिरवणूक शनिवारी निघाली, मुलांचा तान्हा पोळाही शनिवारी. आमच्या गावात मात्र शुक्रवारी दुपारी एक शेतकरी बैल न धुता माझ्या दुकानी येऊन बसला. "पेपरात अमावस्या उद्या हाये, मंग पोळा आज काहून जी?" त्याला समजावता समजावता मला तोरणाला आंब्याची पाने बांधायला उशीर झाला. 'अमावस्या प्रारंभ दु. १२' एवढे पाच शब्दही नाहीत, ते चौकटीत बसले नसते का?

दिवाळीत तर दोन्ही दुखणी एकदम आली. त्याच वर्षी आश्विन अमावस्या २० ऑक्टोबरला पावणेचारच्या सुमारास लागून २१ ला सहाच्या थोडी आधी, पाच चोपन्नला संपली. लक्ष्मीपूजन वीसला की एकवीसला यावरून देशभर वाद झाला. महाराष्ट्रात सुटी आणि पूजन एकवीसला. त्या वादात मंडपवाल्याने पडू नये. पण हे बघा: एकवीसला ब्रह्मपुरीचा सूर्य मावळला पाच त्रेचाळीसच्या आसपास, म्हणजे आमच्या दिवेलागणीला अमावस्या दहाबारा मिनिटे का होईना, शिल्लक होती. मुंबईत सूर्य मावळला सहा वाजून बारा मिनिटांनी. तिथे सूर्य बुडायच्या आधीच अमावस्या संपलेली. एकच राज्य, एकच सुटी, एकच पंचांग, आणि संध्याकाळ दोन प्रकारची. आमच्या भागातल्या पेपरने आमची संध्याकाळ छापायला हवी होती.

काही वाचक म्हणतील, मुहूर्तच कशाला पाहिजे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. आमच्या बौद्ध बांधवांच्या लग्नात मुहूर्त नसतो. पत्रिकेवर 'मंगल परिणय, दुपारी १२.३०' असते, मांडव मीच घालतो, आणि पावणेतीनलाही नवरदेव रस्त्यात असतो. गोंड समाजाच्या लग्नांची रीत आणखी वेगळी. ज्याला मानायचे नाही त्याने मानू नये. मी स्वतः राहुकालात गाडी सुरू करतो, नाहीतर धंदा बंद पडेल. पण जे मानतात त्यांना खोटा आकडा देणे हे श्रद्धाही नाही आणि विज्ञानही नाही. सूर्योदय ही तर श्रद्धेची बाबच नाही; ज्याला डोळे आहेत त्याने उठून बघावे. सकाळी आपला पेपर टाकणारा पोरगा सूर्य वर आल्यावर माझ्या दारात येतो आणि त्याच पेपरात लिहिलेले असते की सूर्य अजून वीस मिनिटांनी उगवायचा आहे.

मोबाईलमध्ये बघा, असेही कोणी सुचवेल. पंचांगाच्या ॲपमध्ये आपले ठिकाण टाकले तर ते बरोबर वेळ देते, मी पडताळून पाहिले आहे. पण गावात ॲप दोघा-चौघांकडे, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे 'आजचा राहुकाल' हे चित्र सगळ्यांकडे. ते चित्र आपल्यासारख्याच कुठल्यातरी चौकटीवरून उतरवलेले असते. वर देवाचा फोटो असला की कोणी ठिकाण विचारत नाही.

तेव्हा विनंती अशी. विदर्भाच्या आवृत्त्यांत सूर्योदय-सूर्यास्त आणि राहुकाल नागपूरचे छापा आणि तसे स्पष्ट लिहा. तेवढे जमत नसेल तर निदान 'या वेळा मुंबईच्या' एवढे तरी टाका, आणि महिन्यातून एकदा हा फरक द्या: मुंबईच्या वेळेतून बुलढाण्याला तेरा मिनिटे वजा, अकोल्याला सतरा, अमरावतीला वीस, यवतमाळला एकवीस, वर्ध्याला तेवीस, नागपूरला पंचवीस, चंद्रपूरला सव्वीस, भंडाऱ्याला सत्तावीस, गडचिरोलीला एकोणतीस, गोंदियाला तीसला थोडे कमी. ऋतूप्रमाणे यात दोन ते पाच मिनिटे इकडेतिकडे होतील, तेवढे चालते. बुलढाणा आणि गोंदिया यांच्यातच सोळा मिनिटांचे अंतर आहे, म्हणून विदर्भ म्हटले की नागपूर धरून मोकळे होऊ नका, पश्चिमेकडचे वाचकही आपलेच. आणि तिथीच्या नावापुढे ती संपण्याची वेळ द्या. त्यासाठी जागा पाहिजे असेल तर 'शुभ रंग' काढून टाका. तो पंचांगाच्या पाच अंगांत बसत नाही.

हे करायला सवडही आहे. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात, सौर वर्षाला अकरा कमी पडतात, ती तूट भरायला येणारा अधिक महिना यंदा नेमका ज्येष्ठात आला आहे. १७ मे ते १५ जून लग्ने नाहीत. आमचा ऐन हंगाम गेला, कूलर भाड्याने घेतलेल्यांचे हप्ते थांबणार नाहीत, पण त्याबद्दल कोणाला पत्र लिहायचे? निज ज्येष्ठ लागला की २५ जुलैच्या आषाढीपर्यंत जे काही मुहूर्त असतील त्यावर सगळे तुटून पडतील. तेव्हा मृग लागलेला असेल, धानाच्या पऱ्ह्यांची (रोपांची) आणि रोवण्याची गडबड असेल, पेंडॉलवर ताडपत्री टाकावी लागेल आणि एका दिवशी दोन-दोन गावे सांभाळावी लागतील. माझ्याकडे पुढच्या दोन महिन्यांच्या ब्रह्मपुरीच्या आणि नागपूरच्या वेळांचे कोष्टक तयार आहे, महाराजांकडून तपासून घेतलेले. आपल्या तालुका वार्ताहराकडे देतो. १६ जूनच्या अंकापासून ते लावता आले तर बघावे.

आपला नियमित वाचक,
एक मंडपवाला
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर